कामठ्याची फ्रेंच

१९९९च्या उन्हाळ्यात लग्न होऊन मी गोंदियाजवळच्या कामठ्याला आले. घरी तीनच माणसं: नवरा, सासू आणि सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजी प्राथमिक शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झाले होते. दोन एकर धानाची जमीन होती. नवरा गोंदियात जीप चालवायचा, स्टेशनवरच्या सवाऱ्या घ्यायचा. मी बी.ए. झालेली. धानाचा हंगाम सोडला तर दुपारी करायला काही नसायचं.

लग्नानंतर दीड-दोन महिन्यांनी मामाजींनी मला विचारलं, "तुले इंग्रजी वाचता येते ना?"

मी म्हटलं, "येते."

"मंग बस अथी."

त्यांनी पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. तरुणपणी नागपूरला मास्तरकीचं ट्रेनिंग घेत असताना पुस्तकं ठेवायला म्हणून त्यांनी ती एका रद्दीवाल्याकडून घेतली होती. रद्दीवाल्यानं आतला माल काढायचाही कंटाळा केला होता. कोणा परदेशी पाद्र्याची ती पेटी असावी. आत फ्रेंच वर्तमानपत्रांचा एक गठ्ठा होता, मामाजींच्या जन्माच्याही आधीचा. फ्रेंच शिकायचं एक इंग्रजी पुस्तक, एक जाडजूड शब्दकोश, मुलांसाठीचं एक वाचनपाठांचं पुस्तक आणि गाण्यांचे काही कागद होते. त्या कागदांवर आडव्या पाच-पाच रेघा आणि त्यांवर काळे ठिपके. त्याचं काय करायचं हे मामाजींनाही माहीत नव्हतं.

मामाजी ती भाषा एकट्यानं शिकले होते. तीस वर्षं, शाळा सुटल्यावर, रोज थोडं थोडं. आता त्यांना शिकवायला कोणी तरी हवं होतं आणि घरात मी होते.

सासूबाईंना हे अजिबात पटलं नाही. "सासरा-सून पुस्तक घेऊन बसून राह्यते. लोक का म्हनतीन?" लोक म्हणालेही. शेजारची एक बाई मला विहिरीवर म्हणाली, "तुमच्याकडं तं सासरा सुनेले इंग्लंडले पाठवून राह्यला म्हनते." पण मामाजी ऐकणारे नव्हते. ते दाराच्या एका बाजूला खुर्चीवर बसायचे, मी दुसऱ्या बाजूला सूप घेऊन. तांदूळ निवडता निवडता मी क्रियापदं चालवायचे.

मामाजी फ्रेंच कशामुळे शिकले, ते त्यांनी मला वाचनपाठांचं पुस्तक उघडून दाखवलं. त्यात एका सैनिकाची हकिकत होती. तो वेगळ्या धर्माचा म्हणून त्याच्यावर फितुरीचा खोटा आळ घेतला गेला, त्याला दूरच्या बेटावर डांबलं गेलं. मग एका लेखकानं वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर सरकारलाच उद्देशून पत्र लिहिलं. ते पान मामाजींनी मला तीनदा वाचायला लावलं. "पाह्य," ते म्हणाले, "एकट्या मानसानं पेपरात लिवलं अन् सरकार हाललं. तो सैनिक त्याचा ना नात्याचा ना गोत्याचा." मामाजी शाळकरी वयाचे असताना त्यांच्या घरानं बौद्ध धम्म घेतला होता. शाळेत वेगळं बसणं काय असतं ते त्यांनी भोगलेलं होतं. त्या पानावर पेन्सिलीच्या एवढ्या खुणा होत्या की कागद चमकायला लागला होता.

वर्तमानपत्रंही आम्ही वाचली. पानाच्या खालच्या भागात एक आडवी रेघ असायची आणि तिच्याखाली चालू कादंबरीचा एक तुकडा. वर राजकारण, खाली गोष्ट. आम्हाला गठ्ठ्यात त्या कादंबरीचे अकरा तुकडे मिळाले. बाराव्यात काय झालं हे जगात कोणाला तरी माहीत असेल असं मामाजी म्हणायचे.

चार वर्षांत मला चांगलं वाचता यायला लागलं. बोलताही येतं असं मी समजत होते, कारण आम्ही दोघं एकमेकांशी बोलायचो. सासूबाईंबद्दल काही बोलायचं असलं की हमखास फ्रेंचमध्ये.

मग २००३च्या हिवाळ्यात नवरा एका दुपारी जीप घेऊन घाईघाईनं घरी आला.

"चाल लवकर. फ्रान्सची बाई आली आहे."

मला वाटलं, थट्टा करून राहिला. पण खरंच होतं. ती तिथल्या रेडिओची बातमीदार होती. आमच्या भागातल्या सारस पक्ष्यांचे आवाज, धानाच्या बांध्या म्हणजे बांध घातलेली खाचरं, शेतकरी असा कार्यक्रम तिला करायचा होता. इंग्रजी जेमतेम. गोंदियाच्या स्टेशनवर तिनं ह्याची जीप ठरवली आणि ह्यानं छाती फुगवून सांगून टाकलं होतं, "मॅडम, मेरी घरवाली को आपकी भाषा आती है. फ्रेंच, फ्रेंच!"

मी लुगडं बदललं. मामाजी दारात उभे होते. मी म्हटलं, "तुमी बी चाला ना." ते म्हणाले, "मी कायले? तू जाय." आणि आत निघून गेले. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांना बरं नसेल असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला चोरखमाऱ्याच्या तलावाकडे घेऊन गेलो. ती चाळिशीची असेल. कान झाकणारे मोठे हेडफोन गळ्यात, हातात केसाळ टोपी घातलेला माईक. जीपमध्ये बसताच ती माझ्याकडे वळून भरभर काहीतरी बोलली. मला एक शब्द कळला नाही. मी हसले. ती पुन्हा बोलली. मी पुन्हा हसले. मला वाटलं, ही कुठल्या तरी खेड्यातली बोली बोलत असेल. आमच्याकडे नाही का, पुण्याच्या माणसाला झाडीबोली कळत नाही, तसं.

वाटेत तिनं नवऱ्याच्या पाण्याच्या बाटलीकडे बोट दाखवून विचारलं, "द लो?"

नवरा म्हणाला, "हाँ हाँ, लेता हूँ," आणि स्वतःच प्याला. त्याला वाटलं, ही हिंदीत 'लो' म्हणून राहिली. ती बघतच राहिली.

तलावाच्या अलीकडे, कापलेल्या बांधीत जिथे पाणी साचलं होतं, तिथे सारसांची जोडी उभी होती. तिनं जीप थांबवली. मी वाक्य आधीच तयार करून ठेवलं होतं. पक्षी पाण्यात आहेत. मी पुढे झाले आणि मोठ्यानं, एकेक अक्षर नीट उच्चारत म्हटलं:

"लेस ओइसेऔक्स सोन्त दान्स लेआउ."

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्यानं. तिनं मान हलवली आणि तुटक इंग्रजीत विचारलं, "ही तुमची भाषा का? मराठी?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत जे होतं ते मी आजही विसरलेले नाही. राग नव्हता. बायको चार वर्षं खोटं बोलत होती की काय, असं ते पाहणं होतं.

मी तिच्या हातातली वही जवळजवळ हिसकावलीच आणि ते वाक्य लिहून दिलं. तिनं वाचलं. आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"ले झ्वाझो सों दां लो," ती हळूच म्हणाली.

मला तो सगळा एकच शब्द वाटला. मी तिला बोटानं एकेक शब्द दाखवून पुन्हा म्हणायला लावलं. ज्याला आम्ही ओइसेऔक्स म्हणत होतो तो 'वाझो' होता. ज्या पाण्याला आम्ही लेआउ म्हणायचो ते नुसतं 'लो' होतं. एवढी अक्षरं लिहायची आणि म्हणायचं 'लो'! मी एकामागून एक शब्द लिहीत गेले. ती वाचत गेली. एकही, एकही शब्द मला माहीत असलेल्या आवाजाचा निघाला नाही. सारस ओरडले तेव्हा तिनं घाईघाईनं माईक वर केला आणि मी बांधावर खाली बसले. चार वर्षं मी जी भाषा बोलत होते ती जगात कुठेच नव्हती. ती आमच्या घरात होती, दाराच्या दोन बाजूंना बसलेल्या दोन माणसांत.

घरी आले तेव्हा मामाजी पुस्तक घेऊन बसले होते. मी चपलाही काढल्या नाहीत.

"मामाजी, आपन बोलतो ते फ्रेंच नाई."

त्यांनी बोटानं पुस्तकातली ओळ धरून ठेवली.

"तुमाले ठाव होतं?"

त्यांनी पुस्तक मिटलं. "हो. ठाव होतं."

मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा हो म्हटलं. मग त्यांनी सांगितलं. शिकायला लागल्यावर सहा-सात वर्षांनी ते नागपूरला एका फ्रेंच शिकवणाऱ्या गृहस्थाकडे गेले होते. आपल्याला किती येतं ते दाखवायला. वर्गात उभं राहून त्यांनी पान वाचलं. पहिली ओळ संपायच्या आत सगळा वर्ग हसायला लागला. तो शिकवणाराही हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मामाजी तसेच निघाले, पुढची गाडी धरून गोंदियाला आले. घरी येऊन त्यांनी शिकायच्या पुस्तकातली उच्चारांची सुरुवातीची सगळी पानं खळ लावून एकमेकांना चिकटवून टाकली.

ती पानं मी पाहिली होती. पावसात भिजून चिकटली असतील असं मला वाटायचं.

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"मले वाचाचं होतं. बोलाचं कोनासंग होतं?"

"तुमचं सोडा. मले काऊन नाई सांगतलं?"

मामाजींनी चष्मा काढला. "मले वाटलं," ते म्हणाले, "तू बी कोनासंग बोलनार नाई. कामठ्याच्या सुनेले कोन भेटून राह्यलं फ्रान्सचं?"

हे ऐकून मला जो धक्का बसला तो बांधावरच्या धक्क्यापेक्षा मोठा होता. ज्या माणसानं गावाचं बोलणं अंगावर घेऊन मला शिकवलं, त्यालाही मी ह्या दाराच्या पलीकडे जाईन असं कधी वाटलं नव्हतं. मी आत गेले आणि भांडी घासायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "घासलेलेच भांडे घासून राह्यली तू." मी तरी घासत राहिले.

दुसऱ्या दिवशी ती बाई आपणहून आमच्या घरी आली. मला लिहिता येतं म्हणजे शिकवणारा कोणी आहे, हे तिनं नवऱ्याकडून काढून घेतलं होतं. मामाजी मागच्या दारानं शेताकडे निघाले होते. सासूबाईंनीच त्यांचा रस्ता अडवला. "पाव्हनी घरी आली अन् तुमी पळून राह्यले? तीस वर्सं तिच्याच भाषेचा जप केला ना?"

मामाजी आले. बसले. तोंड उघडलं नाही. तिनं थोडा वेळ वाट पाहिली आणि मग पर्समधून वही काढून एक ओळ लिहून त्यांच्यापुढे सरकवली. मामाजींनी खिशातलं पेन काढलं.

दोन तास ती दोघं कागदावर बोलली. मी चहा ठेवायला जाऊन पाठीमागून वाचत होते. मामाजींचा हात न अडखळता चालत होता. एका ठिकाणी ती थांबली, त्यांचं वाक्य पुन्हा वाचलं आणि माझ्याकडे वळली. तिचे डोळे मोठे झाले होते. असं आता कोणी लिहीत नाही, तिनं मला लिहून सांगितलं; माझ्या आजीचे वडील असं लिहायचे. मामाजींनी तिला त्या कादंबरीच्या बाराव्या तुकड्याबद्दल विचारलं. तिनं नाव वाचलं, खूप आठवून पाहिलं आणि मान हलवली. तो लेखक आता त्यांच्याकडेही कोणाला माहीत नव्हता.

मग मामाजींनी तिला गाण्याचे कागद दाखवले. तिनं एक उचलला, ठिपक्यांवरून नजर फिरवली आणि गायला लागली. आम्ही सगळे दचकलो. तीस वर्षं ज्या कागदाला आवाज नव्हता तो बोलायला लागला होता. सासूबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. मामाजींनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. गाणं संपल्यावर त्यांनी कागद परत घेऊन उलटसुलट करून पाहिला, जणू गाणं कुठून निघालं ते शोधत होते.

जाण्याआधी तिनं लिहिलं: तुम्ही तुमच्या पद्धतीनं काहीतरी मोठ्यानं वाचाल का? मला ते ध्वनिमुद्रित करायचं आहे.

मामाजींनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. मग लिहिलं: लोक हसतील का?

तिनं खोटं लिहिलं नाही. लिहिलं: काही जण हसतील.

मामाजी मला म्हणाले, "तो पुराचा पेपर आन." त्या गठ्ठ्यात पॅरिसच्या नदीला पूर आल्याची एक जुनी बातमी होती. रस्त्यांवरून नावा चालल्याची. उभं राहून, शाळेत वाचायचे तशा खणखणीत आवाजात, प्रत्येक अक्षर उच्चारत, मामाजींनी ती सगळी वाचली. ती बाई डोळे मिटून ऐकत होती. हसली नाही.

धान पुन्हा कापायला आलं तेव्हा टपालानं कॅसेट आली. भीमगीतं ऐकायचो त्याच टेपरेकॉर्डरमध्ये मी ती घातली. सगळे बसलो. आधी जीपचा आवाज, मग पाण्याचा, मग सारस. त्या बाईचं थोडं बोलणं. आणि मग मामाजी! सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मामाजी पुढे वाकले.

आठ-दहा शब्द झाले असतील. मामाजींचा आवाज बारीक होत गेला आणि त्याच्यावर दुसऱ्याच एका पुरुषाचा आवाज चढला. मऊ, सराईत, नाटकातल्यासारखा. तो तीच पुराची बातमी वाचत होता. खाली, खूप खाली, मामाजी वाचत होते, पण एक अक्षर कळत नव्हतं.

"हा कोन होय?" मामाजींनी विचारलं.

नवऱ्यानं टेपचा आवाज वाढवला.

"हा मधात कोन बोलून राह्यला?"

मी टेप बंद केली. मामाजींचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "मी तिले इचारलं होतं ना? हसतीन म्हने. मी हो म्हनलो होतो ना? मंग हसू द्याचं होतं."

उठून ते शेतात गेले. त्या दिवशी दुपारी जेवायला आले नाहीत.

मी त्याच दिवशी तिला पत्र लिहिलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं फ्रेंच पत्र, आणि रागाचं. मी लिहिलं, तुम्ही एका माणसाची परवानगी घेऊन त्याचं तोंड दाबलंत. तुमच्याच देशात एका लेखकानं पेपरात काय लिहिलं होतं ते माझ्या सासऱ्यांना पाठ आहे, तुम्हाला आहे का? सकाळी डोकं शांत झाल्यावर ते वाक्य खोडावं असं वाटलं, पण तोवर नवरा पाकीट पोस्टात टाकून आला होता.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. तिची चूक तिनं कोणावर ढकलली नव्हती. तिनं लिहिलं होतं: वरच्या साहेबानं सांगितलं, श्रोते रेडिओ बंद करतील, म्हणून एका नटाकडून वाचून घेतलं. मी भांडायला हवं होतं, भांडले नाही. मला लाज वाटते. सोबत दुसरी कॅसेट होती. तिच्यात मामाजींचं सगळं वाचन होतं, सुरुवातीच्या खोकल्यापासून शेवटपर्यंत, वर कोणीही नाही. शिवाय उच्चारांच्या चार कॅसेटी माझ्या नावानं.

मामाजींना मी ते पत्र वाचून दाखवलं. "बरं," एवढंच ते म्हणाले. स्वतःच्या आवाजाची कॅसेट त्यांनी पेटीत ठेवून दिली. आमचं बसणं बंद झालं. मी त्या चार कॅसेटींवर एकटीच शिकू लागले. पुस्तकातली चिकटलेली पानं भाताच्या वाफेवर धरून सोडवली. अर्धी फाटली, अर्धी वाचता आली.

महिनाभरानं एकदा मी गाईला पाणी घेऊन गोठ्याकडे गेले. आत कोणी तरी बोलत होतं. मी थबकले. त्या नटाचा आवाज होता, पहिल्या कॅसेटमधला. एक ओळ झाली, खट् करून टेप थांबली, आणि मामाजींचा आवाज आला. तीच ओळ, हळू, चाचपडत. पुन्हा टेप मागे, पुन्हा ओळ. ज्या माणसानं त्यांचा आवाज झाकला त्याच्याच मागोमाग ते म्हणत होते. पासष्टीच्या घरातले मामाजी, वैरणीच्या भाऱ्यावर बसून. मी बादली आवाज न करता खाली ठेवली आणि परत फिरले. गाईला त्या दिवशी उशिरा पाणी मिळालं.

मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. पुढे मी नागपूरला जाऊन परीक्षा दिली. आता घरी बसून भाषांतरं करते. पहिल्या परीक्षेला मामाजीच माझ्यासोबत आले होते, वर्गाबाहेर बाकावर बसून राहिले होते.

२००८मध्ये एका संध्याकाळी नवऱ्याच्या मोबाईलवर फोन आला. ती बाईच होती. जीपच्या कार्डावरचा नंबर तिनं जपून ठेवला होता. मी तिच्याशी बोलले, ती चकित झाली, दोघी खूप हसलो. मग तिनं मामाजींबद्दल विचारलं. त्यांच्याशी लिहूनच बोलावं लागतं असं मी सांगत होते, तेवढ्यात मामाजींनी हात पुढे केला.

"आन इकडं."

त्यांनी फोन कानाला लावला, घसा साफ केला आणि म्हणाले, "बोंजूर, मादाम." मग एक सबंध वाक्य. तुमच्या नदीला यंदा पाणी किती आहे, असं काहीसं. मऊ, सराईत, त्या नटासारखं. 'लो' म्हणाले, लेआउ नाही.

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. सासूबाई माझ्याकडे पाहायला लागल्या. पलीकडून ती भडाभडा बोलायला लागली. फोनबाहेर मलाही ऐकू येत होतं. मामाजी मान डोलावत ऐकत राहिले, कपाळावर आठ्या, डोळे बारीक. शेवटी त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

"बाप्पा, किती भरभर बोलून राह्यली हे," ते म्हणाले. "का म्हनते, पाह्य बरं."